कंपवाताच्या गोळीचा हिशेब

औषध घेणे ही आपल्याकडे फारसा विचार करण्याची गोष्ट मानली जात नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, जेवण झाल्यावर एक तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायले की आपले काम संपले. ताप, खोकला, अंगदुखी अशा दुखण्यांत हे बऱ्याच वेळा चालूनही जाते. पण काही आजारांत गोळी किती घेतली याइतकेच ती केव्हा घेतली, कशाबरोबर घेतली आणि तिच्या जोडीला दुसरी कोणती गोळी पोटात गेली, याला महत्त्व असते. कंपवात, ज्याला आता खेड्यापाड्यांतही 'पार्किन्सन' म्हणू लागले आहेत, हा अशांपैकी एक. त्यावर गुणकारी औषध आहे. ते आपल्या देशात तयार होते आणि आजार मुळातून बरा करत नसले तरी माणसाला अनेक वर्षे हिंडता-फिरता ठेवते. तरीही ते घेणाऱ्या कितीतरी घरांत त्याचा पुरता लाभ पदरात पडत नाही. काही वेळा तर अपायच होतो. हे का होते आणि ते टाळणे कोणाच्या हातात आहे, याचा विचार व्हायला हवा.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता आणि मागच्या पंचवीस वर्षांत रुग्णांची संख्या दुप्पट झाली होती. माणसे अधिक जगू लागली, त्याचाही हा एक परिणाम. हा आजार कोणाची भीडभाड ठेवत नाही. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनाही अखेरच्या वर्षांत त्याने गाठले होते. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आमचा नगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा पसारा, चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकाकडून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे तर एसटीने अख्खा दिवस मोडतो. मुले पुण्याला, चाकणला, रांजणगावला कामाला. घरात उरतात दोन म्हातारी माणसे. एकाचे हात थरथरतात, दुसऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. अशा घरात दिवसातून चार-पाच वेळा, ठरल्या ठोक्याला गोळी कोण देणार? सगळे घोडे इथेच अडते.

मी बँकेत अधिकारी होतो आणि जिल्ह्यातल्या तीन-चार शाखांत माझी नोकरी झाली. या आजाराची माझी पहिली ओळख दवाखान्यात नव्हे, तर नमुना-सहीच्या कार्डावर झाली. पाथर्डी तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक दरमहा पेन्शन काढायला येत. फळ्यावर लिहिण्याची सवय असलेली त्यांची सही मोठी आणि वळणदार होती. वर्ष-दीड वर्षात ती आक्रसत गेली. पहिले अक्षर बरे, पुढची बारीक, शेवटची तर मुंगीएवढी. 'साहेब, मीच केलीय हो सही,' असे ते कासावीस होऊन सांगत. हाताची थरथर पुढे बऱ्याच दिवसांनी दिसू लागली. अक्षर बारीक होत जाणे हे या आजाराचे एक ठळक लक्षण आहे, हे मला त्यांच्या निदानानंतर कळले. डॉक्टरांच्या आधी बँकेच्या काउंटरवर, दुकानात, घरातल्या पंगतीत हा आजार दिसू शकतो. औषध सुरू झाल्यावर त्याची नजर ठेवण्याचे कामही असेच डॉक्टरांच्या खोलीबाहेर होत असते.

औषधाची काळजी का घ्यायची हे कळण्यासाठी ते करते काय, हे पाहिले पाहिजे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळतात. पण आजाराचे मूळ सापडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. मेंदूच्या एका लहानशा भागातल्या पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी मरू लागल्या की अंग ताठरते, हालचाल मंदावते, हात थरथरतात. डोपामाइन बाहेरून द्यावे तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मात्र लेव्होडोपा हे द्रव्य शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामाइन बनते. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाचे प्रमाण हळूहळू वाढवत नेले, तेव्हा खिळून पडलेले रुग्ण हिंडू-फिरू लागले. पुढे त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली. लेव्होडोपा वाटेतच खर्ची पडू नये, मळमळ कमी व्हावी, हे कार्बिडोपाचे काम. आज कंपवाताच्या रुग्णाला बहुधा जी गोळी मिळते, ती या जोडीची.

पुढचे समजायला मला बँकेची भाषा उपयोगी पडते. आजाराच्या पहिल्या वर्षांत डोपामाइन साठवणाऱ्या बऱ्याच पेशी शाबूत असतात, म्हणजे खात्यात शिल्लक असते. गोळीला तासभर उशीर झाला तरी शिलकीवर भागते. वर्षे जातात, पेशी घटतात आणि माणूस रोजंदारीवर येतो. आलेली मजुरी त्याच दिवशी संपणार. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. साधारण दीड तासात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. त्यामुळे जुन्या रुग्णाची गोळी उशिरा झाली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, कूस बदलता येत नाही, घास गिळणेही अवघड होते. उलट डोस जास्त झाला की अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते. 'मघाशी तर अंगणात फिरत होते, आता उठवत नाही म्हणतात, सगळी नाटकं,' असे बोल मी चांगल्या घरांतून ऐकले आहेत. ती नाटके नसतात, मजुरी संपलेली असते.

म्हणून पहिला नियम वेळेचा. चिठ्ठीवर '१-१-१' असे लिहिलेले असते. आपल्या घरात त्याचा अर्थ न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण असा लावतात. शेताच्या कामात जेवण कधी अकराला, कधी दोनला. तशीच गोळीही सरकते. या औषधाच्या बाबतीत डॉक्टरांकडून घड्याळाची वेळ लिहून घ्यावी: सात, अकरा, तीन, सात, जी असेल ती. ब्रिटनमधल्या पार्किन्सनच्या संस्थेला २००६ मध्ये, रुग्णालयात दाखल झालेल्यांना गोळी वेळेवर मिळावी एवढ्याच मागणीसाठी मोहीम काढावी लागली. त्या देशाची ही कथा, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

दुसरा नियम जेवणाचा. औषध दुधाबरोबर घेतले की बाधत नाही, अशी आपल्याकडची जुनी समजूत. आमचा जिल्हा तर दुधाचा. गोठा आहे त्या घरात म्हाताऱ्या माणसाला गोळीबरोबर पेलाभर दूध देणे ही माया समजली जाते. पण लेव्होडोपा आणि प्रथिनांतली काही द्रव्ये आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दरवाजाने जातात. दूध, डाळ, अंडी, मटण पोटात असले की दरवाजात गर्दी होते आणि औषध बाहेर ताटकळते. म्हणून सर्वसाधारणपणे गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर घ्यावी असे सांगतात. मळमळत असेल तर सोबत थोडी कोरडी भाकरी किंवा चुरमुरे चालतात. याचा अर्थ डाळ-दूध बंद करायचे असा मात्र नाही. या आजारात वजन घटते, अंगात ताकद हवी असते. प्रथिने कमी करायची नाहीत, फक्त त्यांची आणि गोळीची वेळ वेगळी ठेवायची. एकादशी, नवरात्रातही हे ध्यानात ठेवावे. उपास मोडेल म्हणून गोळी चुकवणे हा धर्म नव्हे. आणि शेंगदाण्याचा लाडू, वर दूध हा फराळही प्रथिनांचाच असतो.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: ही गोळी एकाएकी बंद करायची नाही. कधी पैसे संपतात, कधी एसटी चुकते, कधी कोणी सांगते की 'इतक्या गोळ्या खाऊन किडनी जाईल'. औषध अचानक थांबले तर अंग लाकडासारखे ताठ होणे, जोराचा ताप, भ्रम अशी अवस्था येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांवर एका खासगी रुग्णालयात हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. 'तोंडाने काही द्यायचे नाही' या सूचनेत त्यांच्या कंपवाताच्या गोळ्याही अडकल्या आणि दोन दिवस तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी ते ताठ पडले, ताप चढला, माणसे ओळखेनात. सुनेने पिशवीतून गोळ्यांचे रिकामे पाकीट काढून डॉक्टरांपुढे धरले तेव्हा उलगडा झाला. जीव वाचला, पण पुन्हा पायावर उभे राहायला त्यांना काही महिने लागले. शस्त्रक्रिया कसलीही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच कंपवाताचे औषध आणि त्याच्या वेळा सांगाव्यात. गोळी कधीपर्यंत घ्यायची, पुन्हा कधी सुरू करायची, गिळता येत नसेल तर काय, हे त्यांना आधी ठरवता येते.

चौथी गोष्ट दुसऱ्या औषधांची, आणि इथे आपल्याकडचा धोका मोठा आहे. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, आम्लपित्ताच्या गोळीत जोडून येणारे लेव्होसल्पिराइड, भ्रमिष्टपणावर देतात ते हॅलोपेरिडॉल ही औषधे मेंदूतल्या डोपामाइनचीच वाट अडवतात. एका बाजूने लेव्होडोपा भरायचे आणि दुसऱ्या बाजूने दार लावायचे, असा प्रकार होतो. चक्कर येते म्हणून देतात त्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन यांचेही तसेच. इतकेच नव्हे, या औषधांनी निरोगी माणसालाही कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. ती वेळीच ओळखली तर औषध बंद केल्यावर बहुतेकदा ओसरतात; न ओळखली तर माणूस जन्मभर नको त्या गोळ्या खातो. पित्ताची गोळी आपण डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे मेडिकलमधून नेतो, म्हणून हे विशेष सांगायचे. लोहाची गोळीही लेव्होडोपाला अडवते. दोन्हींत दोन तासांचे तरी अंतर हवे. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ट्रायहेक्सिफेनिडिल ही थरथरीवरची जुनी गोळी तरुणाला मानवली तरी म्हाताऱ्याला तिने विस्मरण, भ्रम, लघवी तुंबणे असे त्रास होऊ शकतात.

'आमचे औषध झाडपाल्याचे, त्याला अपाय नाही' असे म्हणणारेही भेटतात. इथे एक गंमत आहे. आपल्या रानात जिच्या शेंगांना हात लागला की अंगाची आग होते त्या खाजकुहिलीच्या बियांतून १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्या शास्त्रज्ञांनी लेव्होडोपाच वेगळे काढले होते. आयुर्वेदाने ही बी वापरली ती उगाच नव्हे. पण म्हणूनच कवचबीजाचे चूर्ण म्हणजे लेव्होडोपाचीच मात्रा, आणि तीही न मोजलेली. एका वेलाच्या बियांत कमी, दुसऱ्याच्या जास्त. डॉक्टरांची गोळी चालू ठेवून गुपचूप चूर्ण घेणे म्हणजे एकाच खात्यातून दोघांनी एकमेकांना न सांगता पैसे काढण्यासारखे आहे. वैद्यांचे औषध घ्यायचे तर घ्यावे, पण डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सांगून.

औषधाचे काही परिणाम मात्र दवाखान्यात दिसत नाहीत. उठून उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून तोल जातो; रात्री लघवीला उठताना म्हातारी माणसे पडतात ती बऱ्याचदा अशी. आधी काठावर बसावे, मग उभे राहावे. न दिसणारी माणसे दिसू लागली तर देवाधर्माकडे धावण्याआधी डॉक्टरांना कळवावे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना बसल्या जागी झोप लागते; त्यांनी मोटारसायकल चालवू नये. आणि याच गोळ्यांनी काही जणांत एक विचित्र ओढ जागी होते: जुगाराची, खरेदीची, खाण्याची, कामवासनेची. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस लॉटरीत किंवा मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात पैसे घालवू लागतो. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि तो शरमेने बोलत नाही. ही स्वभावाची घसरण नाही, औषधाचा परिणाम आहे. डॉक्टरांनी मात्रा बदलली की बहुधा आटोक्यात येतो. म्हणून अशा रुग्णाच्या घरी पासबुकावर नजर असावी, असे मी बँकेतला जुना माणूस म्हणून सांगतो. संशय घेण्यासाठी नव्हे, काळजीपोटी.

मेडिकलच्या काउंटरवरही डोळे उघडे हवेत. पाकिटावरचा ११० किंवा २७५ हा आकडा दोन औषधांची बेरीज असतो: १०० अधिक १०, २५० अधिक २५. १२५ हा आकडा साध्या गोळीवरही असू शकतो आणि सावकाश विरघळणाऱ्या गोळीवरही. पुढे 'सीआर' ही अक्षरे आहेत की नाहीत ते पाहावे. सावकाश विरघळणारी गोळी चघळायची किंवा कुटून द्यायची नाही, नाहीतर तासन्‌तास पुरायचे ते औषध एकदम अंगात उतरते. 'हे नाही, पण हेच आहे' म्हणून दुकानदाराने दुसरी कंपनी दिली, तर दोन्ही औषधांचे मिलिग्रॅम जुळवून घ्यावेत. औषधाचा विपरीत परिणाम वाटला तर आधी डॉक्टरांना सांगावे. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही तो कळवता येतो.

हे सारे घरावर सोडून शासनाला मोकळे होता येणार नाही. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला मान्यता दिली आहे. पण कागदावरचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात सदैव हवे. चार दिवस साठा संपणे म्हणजे काय, ते वर सांगितले आहे. तिशी उलटलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासायला आशा कार्यकर्त्या दारोदार जातात. त्यांनीच या रुग्णांच्या घरी डोकावून 'गोळी किती वाजता घेता, दुसरे काय घेता' हे दोन प्रश्न विचारले तर मोठे काम होईल. त्यांना हे जमेल का, अशी शंका निदान आमच्या जिल्ह्यात तरी कोणी काढू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले आणि त्यांनी बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची कामे गावोगाव पार पाडली. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला. त्या बायकांच्या नातींना घड्याळ आणि गोळी यांचा मेळ घालणे अवघड नाही. पुण्यातले पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एकत्र आणते. तसे गट तालुक्याच्या गावी निघाले तर एकट्या पडलेल्या घरांना आधार होईल.

तोवर प्रत्येक घराला एक गोष्ट आजच करता येईल. एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर रुग्णाचे सगळ्या डॉक्टरांचे सगळे औषध, मिलिग्रॅमसह, घड्याळाच्या वेळेसह लिहावे आणि त्याखाली टाळायच्या औषधांची नावे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. पुढच्या पानांवर रोज गोळी कधी दिली, अंग कधी मोकळे झाले, कधी आखडले, पडले का, काय दिसले, याची नोंद करावी. सात-आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणाव्यात. दाताच्या डॉक्टरकडे जायचे असो की मोतीबिंदूच्या शिबिराला, वही बरोबर हवी. डॉक्टरांना पाच मिनिटांत रुग्णाचा महिना कळायचा तर तो या वहीतूनच कळेल. वही रुग्णाने स्वतः लिहावी अशी अपेक्षा धरू नये. अक्षर आक्रसत जाणाऱ्या माणसावर ते ओझे टाकणे बरे नव्हे. घरातल्या दोघांनी ते काम वाटून घ्यावे, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने रात्री तपासावे. शाळेत जाणारी नात असेल तर तिला हे काम फार आवडेल.